रगत जाड होतं म्हणजे नेमकं काय होतं?

"भो, ती रगत पातय करानी गोयी दे."

खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी हे वाक्य, म्हणजे 'रक्त पातळ करायची गोळी दे', आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकतो. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली की समोरचे आबा किंवा जिभाऊ जरा खट्टू होतात. "चिठ्ठी कसाले? शुगर वाढेल शे. मंग रगत जाड व्हई ना!"

त्यांचं म्हणणं साफ चूक असतं तर माझं काम सोपं होतं. ते अर्धं बरोबर आहे. मधुमेह असलेल्या माणसाला हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, आणि बहुतेक वेळा शेवटचा घाव घालते ती रक्ताची गुठळीच. साखर आणि गुठळी यांचं नातं पक्कं आहे. घोटाळा आहे तो 'जाड' या शब्दात. त्या एका शब्दापायी माणसं नको ती गोळी मागून घेतात आणि हवी ती टाळतात.

आधी एक हिशेब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. शुगर १०० आली म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम साखर. ५ लिटरचा गुणाकार केला तर ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. सगळ्या अंगात मिळून एक चमचा! शुगर ३०० झाली तर तीन चमचे. आपल्याकडे कपभर चहात दोन चमचे साखर सहज पडते आणि तो चहा काही पाकासारखा ओघळत नाही. मग ५ लिटरमध्ये तीन चमचे पडल्याने रक्ताचा पाक कसा होईल? साखर रक्ताचं काही बिघडवते हे खरं, पण ते घट्ट करून नव्हे.

ते कसं, हे कळायला गुठळी बनते कशी ते आधी पाहावं लागेल.

विळ्यावर बोट कापलं की सर्वात आधी धावतात त्या प्लेटलेट. डेंग्यूच्या साथीत ज्यांच्यासाठी आपण जळगाव-धुळ्याच्या रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवतो, त्याच या. गावात त्यांना 'पांढऱ्या पेशी' म्हणतात. त्या पांढऱ्या पेशी नव्हेत, पण हे नाव आता काही पुसलं जायचं नाही. एका घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कमी जागेत, त्या दीड ते साडेचार लाख असतात. एरवी गुळगुळीत चकत्यांसारख्या वाहत राहतात. रक्तवाहिनी फाटलेली दिसली की फुगतात, त्यांना पाय फुटतात, एकमेकींना चिकटून भोकावर बसतात.

हे झालं कच्चं बूच. ते पक्कं करायला धागा लागतो. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचा रस त्याला दोन-चार ठिकाणी छाटतो आणि त्याचे धागे होतात, फायब्रिन. हे धागे बुचाभोवती जाळं विणतात, जाळ्यात लाल पेशी अडकतात, आणि रक्त थांबतं.

पुढचा भाग आपण सहसा ऐकलेला नसतो. जखम भरत आली की हे जाळं कापून काढावं लागतं, नाहीतर वाहिनी कायमची बुजेल. कापायचं काम प्लास्मिनचं. त्याला झोपेतून उठवतं टीपीए. आणि टीपीएचा हात धरून ठेवणारंही एक प्रथिन आहे, पीएआय-१. तुमच्या-माझ्या अंगात आत्ता या क्षणीही कुठेतरी धागे बनतायत आणि कुठेतरी कापले जातायत. विणणारे आणि कातरणारे यांचं जोवर जमतं तोवर आपल्याला काही कळतही नाही.

कपाशीवरचा चिकटा

खान्देशातल्या शेतकऱ्याला चिकटा समजावून सांगावा लागत नाही. कपाशीवर मावा किंवा पांढरी माशी पडली की त्या किडीच्या अंगातून गोड चिकट पाणी पाझरतं. पानं तेल लावल्यासारखी चमकतात, मुंग्या चढतात, मागाहून काळी बुरशी येते. बोंडं फुटलेली असतील तर रुईच चिकट होते, आणि तो कापूस जिनिंगला गेला की रोलरला गुंडाळत बसतो. धागा तोच, झाड तेच, पण गोडानं त्याची चाल बदलली.

रक्तात नेमकं असंच काहीसं होतं. साखर जास्त दिवस जास्त राहिली की ती समोर येईल त्या प्रथिनाला जाऊन चिकटते. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर आपण मोजतो, तिलाच 'तीन महिन्यांची शुगर' किंवा एचबीए१सी म्हणतात. पण साखरेला हिमोग्लोबिनचंच वेड आहे असं थोडंच आहे! फायब्रिनोजेनलाही ती चिकटते. अशा साखर लागलेल्या फायब्रिनोजेनपासून विणलेलं जाळं जास्त दाट, बारीक डोळ्यांचं होतं, आणि प्लास्मिनची कात्री त्यावर नीट चालत नाही. गुठळी बसते घट्ट आणि विरघळते उशिरा.

प्लेटलेटची तऱ्हा आणखी वाईट. चढ्या साखरेत त्या चिडक्या होतात, साध्या निमित्तानं फुगतात, एकमेकींना बोलावणारी रसायनं जास्त सोडतात. त्यातच वाहिनीच्या आतलं अस्तर थकलेलं असतं. निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून प्लेटलेटना 'पुढे चला, पुढे चला' म्हणत असतं. साखरेनं बेजार झालेलं अस्तर हे सांगणं कमी करतं.

आणि कातरणाऱ्यांचा हात धरणारं ते पीएआय-१? ते पोटाच्या चरबीसोबत वाढतं. पोटाचा घेर सुटलेला, इन्सुलिन असूनही अंगाला लागू न पडणारं, अशा माणसात त्याचं प्रमाण चढं सापडतं. म्हणून काही वेळा शुगर फार नसतानाही, नुसती 'बॉर्डर'वर असतानाही, गुठळी न विरघळण्याची तयारी आतून झालेली असते. 'बॉर्डरवर आहे, गोळी नको' म्हणून निवांत बसलेल्या माणसांनी हे दोनदा वाचावं.

कपाशीवरच्या चिकट्यात आणि या चिकट्यात एक फरक आहे आणि तो मोठा आहे. कपाशीवरचा चिकटा एखाद्या चांगल्या पावसानं धुऊन जातो. प्रथिनाला लागलेली साखर रासायनिक जोड देऊन बसते, ती धुतली जात नाही. त्या प्रथिनाचं किंवा पेशीचं आयुष्य संपेल आणि नवी येईल तेव्हाच तिच्यापासून सुटका.

कोणाचं आयुष्य किती, यावरच मग पुढचं सगळं ठरतं. प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते. फायब्रिनोजेन त्याहूनही लवकर बदलतं, चार-पाच दिवसांत निम्मं जुनं जाऊन त्या जागी नवं येतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीए१सी तीन महिन्यांची गोष्ट सांगते. आणि रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कोलॅजन वर्षानुवर्षं तेच राहतं.

म्हणजे एकाच अंगात तीन वेगवेगळी घड्याळं चालली आहेत. शुगर आज ताब्यात आणायला घेतली तर गुठळीचा कच्चा माल दोन-तीन आठवड्यांतच बऱ्यापैकी नवा, कमी साखरेचा होतो. रिपोर्टमध्ये पूर्ण फरक दिसायला तीन महिने लागतात. आणि भिंतीला लागलेला जुना चिकटा मात्र तिथेच असतो. 'महिनाभर पथ्य केलं, रिपोर्ट काही खाली आला नाही, सोडून दिलं' असं सांगणारा माणूस भेटला की मला याच घड्याळांची आठवण होते. त्याच्या रक्तानं दाद दिली होती, कागदानं द्यायची बाकी होती.

ब्लॉकेज किती टक्के?

अँजिओग्राफी झाली की गावात पहिला प्रश्न हाच. जणू शंभर टक्क्यांपर्यंत मीटर चढत जातं आणि शंभरला माणूस पडतो.

ठिबकवर केळी लावणाऱ्याला हे वेगळं सांगतो. ड्रिपर दोन तऱ्हांनी बंद पडतो. एक, पाण्यातले क्षार हळूहळू साचतात, थेंब कमी होत जातो, झाड मलूल दिसायला लागतं, आपल्याला सावध व्हायला वेळ मिळतो. दुसरी, लाइन कुठेतरी फुटते, माती आत शिरते आणि एका दुपारी अख्खी ओळ कोरडी. हार्ट अटॅक बहुतेक वेळा या दुसऱ्या तऱ्हेचा असतो. वाहिनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थराला चीर पडते. ती जागा निम्मीही बंद नसेल. पण शरीराला ती चीर म्हणजे जखमच वाटते, प्लेटलेट धावतात, जाळं विणलं जातं, आणि पंधरा मिनिटांपूर्वी वाहणारी वाहिनी बुजते.

अशा लहान चिरा अनेकांना पडतात आणि कळतही नाहीत, कारण बारीकशी गुठळी बनते आणि कातरणारे ती वेळेत काढून टाकतात. मधुमेह असलेल्या माणसाचं दुर्दैव असं की त्याच्याकडे चीर पडण्याची शक्यता जास्त, प्लेटलेट चिडक्या, जाळं दाट आणि कात्री बोथट. चारही बाजूंनी अडचण. म्हणून 'माझं ब्लॉकेज फक्त ४० टक्के' यावर फार विसंबू नये.

साखर खाली आणली तर खरंच फरक पडतो का?

पडतो. पण कसा, किती लवकर आणि किती खाली, या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

निरोगी माणसांवर एक प्रयोग झालेला आहे. शिरेतून ग्लुकोज आणि इन्सुलिन देऊन काही तास त्यांची साखर चढी, इन्सुलिन चढं, असं आलटून पालटून ठेवलं. साखर चढी असताना रक्त गोठण्याची यंत्रणा जागी झाली. इन्सुलिन चढं असताना गुठळी विरघळवण्याचं काम मंदावलं. काही तासांत, तेही मधुमेह नसलेल्यांत! (इथे कुणी इन्सुलिनचं इंजेक्शन बंद करायचा विचार केला असेल तर तो तिथेच थांबवावा. ज्याला इन्सुलिन लागतं त्याच्यासाठी साखर बेफाम सोडणं हेच जास्त घातक आहे.) उलट बाजूनेही पाहिलं गेलंय: शुगर ताब्यात नसलेल्यांना उपचार देऊन ती खाली आणली की त्यांच्या फायब्रिनचं जाळं पुन्हा मोकळं, निरोगी माणसासारखं व्हायला लागतं.

पण प्रयोगशाळेतलं जाळं मोकळं झालं म्हणजे माणसाचा हार्ट अटॅक टळला असं नाही. त्यासाठी हजारो लोक आणि अनेक वर्षं लागतात. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेला यूकेपीडीएस हा अभ्यास असाच. नव्यानं मधुमेह सापडलेले ५,००० हून जास्त लोक त्यात होते. १९९८ साली निकाल आला तेव्हा शुगर चांगली ठेवलेल्यांच्या डोळ्यांचा, मूत्रपिंडांचा फायदा स्पष्ट दिसला. हार्ट अटॅक कमी दिसले, पण खात्रीनं बोट ठेवावं इतके नाहीत. अभ्यास संपला, दोन्ही गटांची शुगर वर्षभरात सारखी झाली. गंमत पुढे आहे. १० वर्षांनी, २००८ साली, पुन्हा मोजलं तेव्हा सुरुवातीला शुगर नीट ठेवलेल्यांत हार्ट अटॅक १५ टक्क्यांनी कमी निघाले. लठ्ठ लोकांपैकी ज्यांना मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली होती, त्यांच्यात ३३ टक्क्यांनी कमी. पहिल्या वर्षांतली काळजी पुढे कित्येक वर्षं कामी येत राहिली. भिंतीतल्या त्या न बदलणाऱ्या कोलॅजनला पहिल्यापासूनच चिकटा कमी लागला, हे त्याचं एक कारण मानतात. मेटफॉर्मिन, जाता जाता, पीएआय-१ सुद्धा थोडं खाली आणते. माझ्या काउंटरवरची ही सर्वात स्वस्त गोळ्यांपैकी एक, आणि 'नुसती मेटफॉर्मिन दिली' म्हणून डॉक्टरवर नाराज होणारेही माझ्याच काउंटरवर असतात.

आता दुसरी बाजू. २००८ सालीच अमेरिका-कॅनडातला अ‍ॅकॉर्ड नावाच्या अभ्यासातला साखर फार खाली आणायचा भाग मध्येच थांबवावा लागला. त्यात १०,२५१ लोक होते, बहुतेकांचा मधुमेह जुना, बऱ्याच जणांना आधीच हृदयविकार. एका गटाची एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा चंग बांधला होता. त्या गटात २५७ जण गेले, दुसऱ्यात २०३. साखर जास्त खाली, आणि मृत्यू जास्त.

याचं एकच कारण आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण साखर एकदम पडली की रक्ताचं काय होतं ते माहीत आहे. शुगर ७० च्या खाली गेली की शरीर घाबरतं आणि अ‍ॅड्रेनलिन सोडतं. हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते. तेच अ‍ॅड्रेनलिन प्लेटलेटना चेतवतं, गोठवणारे घटक वाढवतं. काही अभ्यासांत हा परिणाम शुगर परत वर आल्यावरही काही दिवस रेंगाळलेला दिसला. म्हणजे साखर चढली तरी गुठळी, पडली तरी गुठळी.

आपल्याकडे साखर पडते ती बहुधा घाईमुळे किंवा भक्तीमुळे. पहाटे शुगरची गोळी घेऊन, न्याहारी न करता कापूस वेचायला गेलेली बाई. एकादशीला गोळी नेहमीची आणि पोटात फक्त चहा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशी डोस काय घ्यायचा हे आदल्या आठवड्यात विचारून घ्यावं, उपवासाच्या दिवशी दुपारी नव्हे. बहुतेकांसाठी एचबीए१सी ७ च्या आसपास हे लक्ष्य धरतात. वय झालेलं असेल, साखर वारंवार पडत असेल, इतर आजार असतील तर डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात, आणि तो निष्काळजीपणा नसतो.

मे महिन्यातलं रक्त

'जाड' शब्दावर मी इतकी टीका केली, पण एक वेळ अशी येते की रक्त खरोखरच दाट होतं.

भुसावळ-जळगावकडचा मे महिना सांगायची गरज नाही. पारा ४५ ला टेकतो. त्यातच आखाजी. माहेरी आलेल्या लेकी, झोके, आमरस, खापरावरचे मांडे. त्या दिवशी कुणाला पथ्य सांगावं? मी सांगतही नाही. एका जेवणानं कुणी मरत नाही. पण सणाचे चार दिवस आमरस, त्यात गोळ्या 'सणाला नको' म्हणून बाजूला, आणि उन्हात लग्नाच्या वरातीत नाचणं, हे गणित वाईट आहे. साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती लघवीतून टाकायला लागतं आणि साखरेबरोबर पाणीही जातं. उन्हानं घामातून जातं ते वेगळंच. म्हाताऱ्या माणसाला तहान तशीही कमी लागते. साखर ६०० च्या वर चढून अंगातलं पाणी आटलेला, बरळणारा, सुस्तावलेला म्हातारा ही जिवावरची वेळ असते, आणि अशा रुग्णांत गुठळ्या होण्याचा धोका खरोखर मोठा असतो. घरचे म्हणतात, ऊन लागलं. कांदा हुंगवतात. ग्लुकोमीटरवर एक थेंब टाकून पाहिला तर दोन मिनिटांत कळतं. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी जुलाब-उलट्या लागल्या किंवा जेवण-पाणी सुटलं तर ती थांबवायची का हे डॉक्टरांना फोन करून लगेच विचारावं, कारण ती साखर लघवीवाटेच काढते.

आणि ती गोळी

आबा मागतात ती बहुधा अ‍ॅस्पिरिन ७५. ती रक्त पातळ करत नाही. पाणी मिसळल्यासारखं तिच्यानं काही होत नाही. ती प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद करते, म्हणून त्या प्लेटलेटला दुसरीला हाक मारता येत नाही. साखरेचा चिकटा किंवा पीएआय-१ यांच्यावरचा इलाज ती नव्हे. शिवाय मधुमेहात प्लेटलेट लवकर लवकर बदलतात, त्यामुळे काहींमध्ये गोळीचा परिणाम दिवस संपायच्या आत ओसरू लागतो. शुगर मोकाट सोडून अ‍ॅस्पिरिन घेणं म्हणजे बांध फुटलेला ठेवून मोटर बदलणं.

तरी घेतली तर बिघडलं कुठे? २०१८ साली अ‍ॅसेंड नावाच्या अभ्यासाचा निकाल आला. मधुमेह आहे पण हृदयविकार अजून नाही, असे १५,४८० लोक, सरासरी सात वर्षांहून जास्त काळ. अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, लकवा वगैरे ८.५ टक्क्यांना झाले, न घेणाऱ्यांत ९.६ टक्क्यांना. मोठा रक्तस्राव घेणाऱ्यांत ४.१ टक्के, न घेणाऱ्यांत ३.२ टक्के. हजार माणसांमागे अकरा जणांचा झटका टळला आणि जास्तीच्या नऊ जणांना पोटातून किंवा दुसरीकडून मोठा रक्तस्राव झाला. म्हणून ज्याला अजून काही झालेलं नाही, त्यानं ही गोळी घ्यायची की नाही हे माणूस पाहून ठरतं. शेजाऱ्याला चालू आहे हे कारण पुरत नाही. गुडघेदुखीसाठी रोज पेनकिलर खाणाऱ्यानं तर अजिबात स्वतःहून सुरू करू नये.

लसणाचंही विचारतात. भरीतात, ठेच्यात खान्देशी माणूस जेवढा लसूण खातो तेवढा खुशाल खावा. गोळीच्या जागी लसूण मात्र चालत नाही, आणि गोळी चालू असताना लसणाच्या कॅप्सूल नकोत. तंबाखू आणि बिडीबद्दल मी लिहीत नाही, लिहून उपयोग होत असता तर पाकिटावरच्या चित्रानं झाला असता. एवढंच की धूरही प्लेटलेटना चेतवतो.

तीन महिन्यांच्या शुगरबद्दल एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्या भागात विशेष लागू आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, नंदुरबारपासून चोपडा-यावलपर्यंतच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी १२० दिवस जगतच नाही, लवकर मरते. साखर चिकटायला तिला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटी कमी दिसते. रिपोर्टवर ६ आणि बोटातून ३००, असं झालं तर मशीनला शिव्या देण्याआधी हे आठवावं. लोह कमी असलेल्या बायकांमध्ये उलटं होऊ शकतं, आकडा उगाच चढा येतो. अशा वेळी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर जास्त भरवशाची.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगून टाकतो. रात्री नऊच्या सुमाराला एक ओळखीचे नाना आले. शेवभाजी जास्त झाली, गॅस धरलाय म्हणाले. कपाळावर घाम होता. छातीत दुखतं का विचारलं, नाही म्हणाले. मी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली आणि शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी कळलं, रात्रीच त्यांना जळगावला हलवलं. अटॅक होता. वाचले, स्टेंट टाकला. पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाच्या नसा बधिर झालेल्या असू शकतात, त्याची छाती दुखेलच असं नाही. घाम, धाप, मळमळ, एकाएकी आलेला थकवा एवढंच दिसतं. हे मला पुस्तकात माहीत होतं. त्या रात्री आठवलं नाही. आता जुना मधुमेही घाम पुसत गॅसची गोळी मागायला आला की मी आधी १०८ लावतो, मग बोलतो.

तेच नाना परवा आले. हे सगळं मी त्यांना चहा पीत, तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. चिकटा पटला त्यांना, कपाशीचे जुने शेतकरी आहेत. मग खिशातून पाकीट काढून म्हणाले, "मंग अ‍ॅस्पिरिनमा काही दम नही. बंद करू का?"

"नाना, स्टेंट टाकेल शे ना तुम्हले?"

"शे."

"मंग एक दिवस बी चुकवानी नही."